पाण्यात पाहणं

आमच्याकडे काहीही मेलं की आधी त्याचा वास घेतात. कुत्रं मरो, गोऱ्हा मरो, नाहीतर तळ्यातलं मासोळीचं पिलू. कोणीतरी वाकतं, नाक लावतं आणि मान हलवून सांगतं, "औषध हाय." कापसाचा मुलूख आहे हा. घरोघरी कोठीत फवारणीच्या बाटल्या. त्यामुळे पांढरकवड्याच्या आसपास कोणी 'औषध' म्हटलं तर आम्हाला खोकल्याचं औषध आठवत नाही, पाठीवरचा पंप आठवतो.

महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, बसायच्या दिवशी सकाळी आमच्या शेततळ्याच्या काठाला मेलेल्या पिलांची पांढरी रेघ लागली होती. चार दिवस रोज थोडी थोडी मरत होती, त्या दिवशी मात्र मोजता येईनात. माझे यजमान पुंडलिकराव काठावर उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, हुंगलं, परत हुंगलं.

"येते का वास?" मी विचारलं.

"येते थोडासाक."

मीही हुंगलं. मला शेवाळाचा वास आला. पण ज्याच्या मनात औषध बसलं त्याला शेवाळातही औषधच येतं. आणि माझ्या मनात नुसतं औषध नव्हतं, ते टाकणारा हातही होता. कोपरापर्यंत गोंदलेला, हंसाबाईचा हात.

हंसाबाई कोण ते सांगते. आमच्या वावराला, धुऱ्याला धुरा म्हणजे बांधाला बांध लागून, तिचं वावर. ती बंजाऱ्यांच्या तांड्यावरची, मी गावातली. मी नवी नवरी म्हणून या वावरात आले तेव्हा मला धड निंदताही येत नव्हतं. धुऱ्यापलीकडून एक बाई हसत होती, ती हंसा. त्याला तीस वर्षं झाली. माझ्या पोरींची बाळंतपणं, तिच्या नवऱ्याचं, सेवादासचं आजारपण आणि जाणं, सगळं आम्ही त्या धुऱ्यावर बसून एकमेकींना सांगितलेलं. मी तिला हंसा म्हणते, ती मला विमलबाई म्हणते आणि 'तू' म्हणते. गावात मला 'तू' म्हणणाऱ्या बाया आता फार उरलेल्या नाहीत.

पाच वर्षांपूर्वी सरकारी योजनेत शेततळं मिळालं. आम्ही दोघींनी ते बरोबर धुऱ्यावर खोदून घेतलं, अर्धं तिच्या वावरात, अर्धं माझ्या. यवतमाळला जाऊन तीन दिवसांचं शिक्षण घेतलं आणि मत्स्यबीजाचा धंदा सुरू केला. श्रावणात प्लास्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांतून जिरं आणायचं. जिरं म्हणजे रोहू-कटल्याची चार दिवसांची पिलं, जिऱ्याच्या दाण्याएवढी, म्हणून जिरं. कोंडा आणि ढेप, म्हणजे पेंड, चारून ती बोटाएवढी केली की त्यांना बोटुकली म्हणतात. ती तलाववाले येऊन घेऊन जातात. गावातले बाप्ये आधी हसले. "बाया मासोळ्या पोसून राह्यल्या," म्हणाले. पुढच्या वर्षी तेच लोक बोटुकली मागायला आले.

तळ्यावर टिनाची एक झोपडी आहे. तिच्यात एक माठ. तो माठ रोज सकाळी हंसा भरायची, कारण तिच्या हापशीचं पाणी गोड. माझी सासू होती तोवर तांड्यावरचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं. तळ्यावर मात्र एक माठ, एक गिलास, आणि तहान लागेल तिनं प्यायचं. मला या गोष्टीचा फार अभिमान होता. कोणी पाहुणी आली की मी मुद्दाम तिच्यासमोर त्या माठातलं पाणी प्यायची.

आता संशय कुठून आला ते. या उन्हाळ्यात हंसाच्या पोरानं, बादलनं, तांड्याच्या मागे स्वतःचं तळं खोदलं. त्यालाही बोटुकलीच करायची होती.

"काहून व, एक तळं पुरत नाई का तुमाले?" मी हसत विचारलं होतं.

"पोराचं हाय थे," हंसा म्हणाली. "माह्यं इथंच हाय."

मीही मन मोठं केलं. माझ्या कमळाचा एक कांदा काढून तिला दिला, बादलच्या तळ्यात लाव म्हणून.

हे कमळ माझं लाडकं. माझं माहेर भंडाऱ्याकडचं, तिथे तळ्यातळ्यात कमळं. इथे महालक्ष्म्यांना कमळ वाहायचं तर यवतमाळच्या बाजारात सुकलेल्या कळ्यांसाठी बायांची ढकलाढकल. म्हणून गेल्या वर्षी मी माहेराहून कमळाचे कांदे गाळासकट बादलीत घालून आणले आणि एका फुटक्या टबात लावून तळ्याच्या कोपऱ्यात बुडवले. शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं की पिलांच्या तळ्यात बाहेरचं काही घालायचं नाही. पण सरांच्या घरी महालक्ष्म्या बसत नसतील. या वर्षी पहिल्यांदा कळ्या आल्या. पाच. मी रोज सकाळी तळ्यावर जायची ती पिलं बघायला नाही, कळ्या बघायला.

त्याच सुमारास एकदा हंसा म्हणाली, "विमलबाई, पाण्यात साबुदाना तरंगून राह्यला वो."

"मासोळ्यायनं उपास धरला असन," मी म्हणाले. दोघी हसलो. चष्मा घरी होता आणि माझं लक्ष कळ्यांवर होतं. मी काही वाकून बघितलं नाही.

मग पिलं खाईनात. टाकलेली ढेप संध्याकाळी तशीच. पिलं काठाला गोळा व्हायची, अंग घासायची, आणि एकेक उलटं होऊन तरंगायचं. अंगावर बारीक लाल ठिपके.

अशात महालक्ष्म्या बसायच्या दिवशीच, आम्ही तळ्यावर निघायच्या आधी, घनश्याम आला. हा माझ्या चुलत दिराचा मुलगा, गावातली बातमी त्याच्या पोटात घटकाभर टिकत नाही.

"काकू, एक सांगू? नाव घेऊ नका माह्यं. आज उजाडता उजाडता हंसाबाई तळ्यात बाटली उलटी करून राह्यली होती. मी इचारलं, काय व? तं म्हने, औषध टाकलं."

"औषध म्हनली?"

"तोंडानं म्हनली, काकू."

संशयाला एकदा घरात घेतलं की तो पाहुण्यासारखा दोन दिवसांनी जात नाही, घरजावयासारखा राहतो. मला सगळं जुळायला लागलं. बादलचं तळं नवीन, आमचं बीज मेलं तर आमचे तलाववाले त्याच्याकडे जाणार. हंसा दोन दिवस माझ्याशी कमी बोलत होती. परवा मी आले तेव्हा तिनं काहीतरी पदराखाली घेतलं होतं. आणि बादलची पिलं कशी आहेत विचारलं तर म्हणाली होती, "बरी हायेत." आमची मरतायत आणि तिची बरी! तीस वर्षांत जी बाई मला आरशासारखी स्वच्छ दिसत होती, तिची प्रत्येक गोष्ट मला आता उलटी दिसू लागली.

विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. खरं सांगते. मला भीती वाटत होती की ती नाही म्हणेल आणि मला ते पटेल. रागाला एकदा उकळी आली की माणसाला तो उतरवायचा नसतो. माझा स्वभाव आधीच फटकळ. त्यात गावानं हवा दिली. गावात कोंबडी हरवली तरी बोट आधी तांड्याकडे जातं. इतकी वर्षं मीच लोकांना त्यावरून झापायची.

दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्यांचं जेवण. आमच्याकडे त्या दिवशी दीडशे पान होतं. सोळा भाज्या, आंबील, कढी, पुरण. त्या सोळातली अंबाडी दर वर्षी हंसाच्या वावरातली. त्याही सकाळी ती अंबाडीची जुडी घेऊन आली आणि मला हाक मारली. मी स्वयंपाकघरातून "ठिव तिथं" म्हणाले, बाहेर आले नाही. महालक्ष्म्यांच्या डोक्यावर माझी दोन कमळं होती. येणारी प्रत्येक बाई त्यांचं कौतुक करत होती.

बायांची पंगत बसली. हंसा आणि तिची सून संगीता शेजारी शेजारी बसल्या. मी कढीचं भांडं घेऊन वाढत होते. एकेक पान करत हंसाच्या पानापाशी आले, आणि माझा हात थांबला.

"काल तळ्यात औषध टाकाचं अन् आज प्रसादाले बसाचं," मी म्हणाले. "महालक्ष्मीले तरी भ्यावं मानसानं."

सगळ्या पंगतीनं खायचं थांबवलं. हंसानं मान वर केली. तिला काही कळलं नसावं, कारण ती सरळपणे म्हणाली, "टाकलं नं म्या औषध. काल टाकलं. मंग?"

"आयका व सगळ्या! कबूल हाय तिले!"

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरलं.  मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुले थे वाटलं?"

मला ते नाटक वाटलं. मी तोंड फिरवलं.

ती उठली. पानावर पुरणपोळीचा अर्धा तुकडा तसाच. संगीताही उठली. महालक्ष्म्यांसमोर भरल्या पानावरून सवाष्ण उठली तर लोक वर्षभर बोलतात, आणि विधवा उठली तर देवसुद्धा बोलत असेल. पण तोंडातून शब्द गेला होता. मी पुढच्या पानावर कढी वाढली.

संध्याकाळी पुंडलिकरावांनी ठाण्यात द्यायचा तक्रारीचा कागद लिहायला घेतला. घनश्याम शब्द सांगत होता. 'विषारी औषध टाकून' वगैरे. दोघींची नावं त्या कागदावर होती, माझं वर तक्रार करणारी म्हणून, तिचं खाली.

माझी भाची समीक्षा दर्शनाला आली होती. पुंडलिकरावांच्या बहिणीची मुलगी, यवतमाळला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पंगतीतलं सगळं तिनं ऐकलं होतं. तिनं कागद वाचला, घडी घालून पुंडलिकरावांना परत दिला आणि मला म्हणाली, "मामी, ठाण्यात जायच्या आधी मला एकदा तळं दाखवा."

सकाळी आम्ही दोघी गेलो. हंसा आलेली नव्हती. समीक्षा काठावर बसली आणि पाण्याकडे नुसती बघत राहिली. मला वाटलं आता ही हुंगेल. हुंगलं नाही तिनं.

"मामी, हे काय पळतंय पाण्यावर?"

"पाणनिवळ्या. लांब पायाचे किडे. नेहमीच रायतात."

"आणि या खाली वळवळतात त्या डासांच्या अळ्या ना? हे चतुराचं पिल्लू. सगळी जिवंत." तिनं माझ्याकडे पाहिलं. "कापसावर औषध कशासाठी मारता तुम्ही?"

"किड्यायसाठी."

"मग ते औषध या पाण्यात पडलं असतं, तर आधी कोण मेलं असतं?"

 पिढ्यानपिढ्या कापूस करणाऱ्या घरातली बाई मी. बोंडअळीचं औषध कुठलं आणि तुडतुड्याचं कुठलं, हे मला झोपेत विचारा. तळ्यावर किडे धावताहेत आणि मासे मरताहेत, हे मी चार दिवस उघड्या डोळ्यांनी बघत होते. तरी हे साधं गणित मला सुचलं नाही.

समीक्षानं झोपडीतली पांढरी बशी मागितली. तीत तळ्यातलं पाणी घेऊन उन्हात ठेवली आणि म्हणाली, "आता चष्मा लावा."

बशीत साबुदाणा होता. भिजून फुगलेला, आरपार दिसणारा. पण हा साबुदाणा मिटत होता, उघडत होता, आणि दर वेळी थोडा वर सरकत होता. एकेकाच्या कडेला केसांहून बारीक धागे.

"जेलीफिश," ती म्हणाली.

"थे तं समुद्रात रायते!"

"गोड्या पाण्यातली एक जात असते. कधी दिसते, कधी वर्षानुवर्षं दिसत नाही." तिनं ओंजळीनं एक जिवंत पिलू धरून बशीत सोडलं. ते पोहत एका साबुदाण्याला घासलं. झटका बसल्यासारखं वाकडं झालं, दोनदा फडफडलं आणि कुशीवर पडलं. त्याच्या कल्ल्यापाशी एक धागा चिकटून राहिला होता.

मी तोंडाला पदर लावला. इवल्याशा जिवाचा तो तडफडाट बघवत नव्हता.

"या धाग्यांवर दंश करणाऱ्या बारीक पेशी असतात," समीक्षा सांगत होती. "समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यात मासे पाळतात ना, तिथे यांच्या मोठ्या जातींचे थवे येतात. मोकळा मासा पळून जाईल. पिंजऱ्यातला कुठे जाणार? कल्ल्यांना दंश बसतो, दम कोंडून हजारो मासे मरतात. जे वाचतात ते खात नाहीत, जखमा चिघळून नंतर जातात. ही आपली जात लहान. बोटुकलीला ती फारसं काही करणार नाही. पण हे नखाएवढं पिलू, आणि चारी बाजूंनी प्लास्टिक अंथरलेलं तळं, पळणार कुठे?"

"अन् आपल्याले? आम्ही तं रोज हात घालतो पान्यात."

"आपली कातडी जाड असते, मामी. आपल्याला कळतसुद्धा नाही."

ती कातडीबद्दलच बोलत होती. मला मात्र ते लागलं.

मग ती झोपडीत बशी ठेवायला गेली आणि माठामागून एक पुडी घेऊन आली. आत जांभळट काळे खडे. "हे लाल औषध, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, कोणी आणलं? चांगलं आहे की. माशांच्या जखमा धुवायला हेच देतात. याचंच पाणी करून टाकलं असणार कोणीतरी. म्हणूनच थोडी पिलं तरी अजून तगून आहेत."

लाल औषध. यवतमाळच्या शिक्षणात सरांनी ते बाटलीत विरघळवून दाखवलं होतं. हंसाला लिहिता येत नाही, म्हणून ती डोळे मोठे करून ऐकत होती. मी वहीत लिहून घेत होते. तळ्यावरून घरी गेल्यावर मी ती वही काढली. तिसऱ्या पानावर, माझ्याच अक्षरात होतं: 'अंगावर डाग, जखमा. लाल औषध, सकाळी ऊन यायच्या आत.' तिनं अगदी ऊन यायच्या आत टाकलं होतं. पदराखाली घेतली होती ती हीच पुडी असणार. मी महालक्ष्म्यांच्या गडबडीत होते, म्हणून मला त्रास न देता तिनं ते केलं. आणि घनश्यामनं विचारलं तेव्हा जे केलं तेच तोंडानं सांगितलं. औषध टाकलं.

हंसाला मी पाण्यात पाहत होते. पाण्यात काय आहे ते मात्र पाहिलं नाही.

"पण हे आलं कुठून?" समीक्षा तळ्यावर असतानाच म्हणाली होती. "बाहेरचं पाणी, गाळ, एखादं रोप आणलं होतं का? मुळांना चिकटून येतात हे. आधी इतके बारीक असतात की दिसतच नाहीत. वर्षभर गप्प बसतात आणि पाणी तापलं की असे सुटतात."

 माझी नजर गेली तिकडे तिनंही पाहिलं. कोपऱ्यात माझं तिसरं कमळ उमललं होतं.

"खात्रीनं सांगता येणार नाही," ती हळूच म्हणाली. "पण दुसरं काही आणलं नसेल, तर तेच."

दुसरं काही आणलं नव्हतं. आणि मग मला आठवलं. त्याच कमळाचा कांदा मी उन्हाळ्यात हंसाला दिला होता. बादलच्या तळ्यात होता तो आता. त्याची पिलं अजून बरी होती.

घरी आल्यावर मी पुंडलिकरावांना सगळं सांगितलं. त्यांनी सुपारी कातरून तोंडात टाकली. मग म्हणाले, "औषधाचं जाऊन बोल. चुकलं म्हन. कमळाचं कायले सांगतं? कोनाले मालूम हाय? त्याच्या तळ्यात निघालं तं निघालं. आपन काई मुद्दाम नाई केलं."

खोटं सांगणार नाही, क्षणभर मला ते बरं वाटलं. मग मी तक्रारीचा कागद उचलून चुलीत घातला आणि चपला घातल्या.

तांड्यावर हंसाचं घर रस्त्याला लागूनच आहे. बादल अंगणात मोटारसायकल पुसत होता, संगीता ज्वारी निवडत होती. मला बघून दोघंही उठले नाहीत. या घरात मी कधी उभी राहिलेली नाही, बाज कायम आधीच टाकलेली असायची.

माझी जीभ एरवी कात्रीसारखी चालते. त्या दिवशी अडखळत, तुटक तुटक सांगितलं. साबुदाणा, दंश, लाल औषध, कमळ. आणि शेवटी, "बादल, तुह्या तळ्यातलं कमळ आजच काढ बाबा. अजून वेळ हाय."

बादलनं हातातलं फडकं खाली टाकलं. तो आत आईकडे वळून ओरडला, "याडी! आयकलं काय? म्हनून कमळ देल्लं होतं हिनं! एक तळं पुरत नाई का म्हने. आपल्या तळ्यात बिमारी पाठवली हसत हसत, अन् वरून पंगतीत तुह्यं नाव!"

"नाई रे बापू, देवाशपथ..."

"देवाचं कायले नाव घेता? देवापुढंच उठवलं नं माह्या मायले?"

 त्याच्या बाजूनं बघितलं तर सगळं जुळत होतं. कांदा मी माझ्या हातानं दिला होता. टोमणा मी मारला होता. सरांनी नको म्हटलेलं कमळ मी हट्टानं लावलं होतं. सुतावरून स्वर्ग मी जसा गाठला, तसाच तो गाठत होता, आणि त्याचं सूत माझ्यापेक्षा जाड होतं. आपण न केलेल्या गोष्टीसाठी दारात उभं राहणं काय असतं, ते मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तहान लागली होती. पाणी मागायचीही हिंमत झाली नाही.

हंसा बाहेर आली. पिठाचे हात तसेच. तिनं बादलला हातानंच गप्प केलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"विमलबाई, एक सांग. तुले मालूम होतं काय, कमळात थे हाय म्हनून?"

"नाई व हंसा. नाई."

तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. फार वेळ नाही.

"नाई म्हनते थे," ती बादलला म्हणाली. "जा, कमळ काढ भायेर."

एवढंच. एक प्रश्न, एक उत्तर, आणि विश्वास ठेवून मोकळी झाली. मला तिथेच रडू फुटलं. मी रडणाऱ्यातली नव्हे, सासू गेली तेव्हासुद्धा लोकांसाठी डोळे पुसले होते. पण त्या अंगणात मी लहान पोरीसारखी रडले. "म्या बी इचाराले पाह्यजे होतं," म्हणाले.

"हो," हंसा म्हणाली. आणि पोळ्या करपतील म्हणून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती तळ्यावर आली. नेहमीच्या वेळेला. मला इतका आनंद झाला की काय सांगू. समीक्षानं सांगून ठेवलं होतं ते सगळं आम्ही करायला घेतलं. माझं कमळ टबासकट उपटून उन्हात टाकलं. उरलेली पिलं झोपडीमागच्या सिमेंटच्या टाक्यात हलवायची होती, पण सोबत साबुदाणा यायला नको. म्हणून माझं एक जुनं सुती लुगडं काढलं. एक टोक तिनं धरलं, एक मी. कमरेएवढ्या पाण्यात उतरून आम्ही ते तळ्यातून ओढत नेलं. लुगड्यात चकाकणारा थर जमायचा, तो काठावर उलटा करायचा, आणि परत. नंतर तळं रिकामं करून चुना टाकायचा होता. तरीही पुढच्या वर्षी हे परत निघणार नाही याची खात्री नाही, असं समीक्षा म्हणाली होती.

हंसा कामाचं बोलत होती. "खाली घे", "सावकाश", "तिकडं पिलू अडकलं पाह्य". मी एकदा पिलांच्या उपासावरून काहीतरी बोलले. ती थोडी हसलीही. मला वाटलं, झालं, मिटलं.

दुपारी दमून आम्ही झोपडीत बसलो. मी माठाकडे हात केला. माठ कोरडा, पालथा घातलेला, गिलास त्याच्यावर उपडा.

"काहून व, माठ नाई भरला आज?"

हंसानं पिशवीतून प्लास्टिकची एक बाटली काढली. घरून भरून आणलेली.

"मी नाई लावत आता माठाले हात," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. असता तर मला बरं वाटलं असतं.

"असं काहून म्हनतं, हंसा?"

"उद्या कोनाचं पोट दुखलं, तं?"

ती पाणी प्यायली. बाटलीचं झाकण घट्ट लावून तिनं ती पिशवीत ठेवली, पिशवी खुंटीला अडकवली. मग उठून पाण्यात उतरली, लुगड्याचं आपलं टोक उचललं आणि माझी वाट बघत उभी राहिली.

"धर," ती म्हणाली.

मी दुसरं टोक धरलं.